अर्धी तक्रार

शेवटी चित्र दिसलं, मुलीची घराजवळ बदली मंजूर झाल्याचं कळलं, काकू रडल्या आणि आपण रडलो नाही असं काकांनी लेखी दिलं. पण हे अजून घडलेलंच नाही. अजून रविवारचे सकाळचे अकरा वाजलेत, काँप्युटरच्या पडद्यावर व्हिडिओच्या जागी काठोकाठ हिरवा रंग भरलाय आणि दुरुस्तीवाली टेबलाखाली डोकं घालून केबल घट्ट करतेय.

ती बाहेर आली. हिरवा तसाच.

काकांनी वही पुढे केली. काका-काकू दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरातलं बोलणं हातांनी चाले, बाहेरच्यांशी या वहीत. काकांची तीस वर्षं अभिलेख विभागात कारकुनी करण्यात गेलेली. मघाशी त्यांनी ‘आपणास पाणी अपेक्षित आहे काय?’ असं लिहून खाली तारीख घातली होती.

‘सदर बिघाड गुरुवारपासून आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘शेजाऱ्यांनी मदत केंद्रास फोन केला. आवाज येत असल्याने तक्रार अर्धीच धरली जाईल, असे उत्तर मिळाले.’

काकूंनी पेन ओढून घेतलं.

‘त्यांना म्हणावं, तो आवाज तुम्हीच घेऊन जा.’

मुलीला ऐकू येत असे. ती लांबच्या गावी नोकरीला होती आणि दर आठवड्याला हातांनी बोलून व्हिडिओ पाठवी. कालच्या मेलमध्ये एकच ओळ होती: ‘मोठी बातमी आहे. टाइप करणार नाही, बघा.’ तेव्हापासून दोघं आळीपाळीनं हिरव्या रंगाकडे बघत बसले होते.

दुरुस्तीवालीनं स्वतःचा फोन दाखवला आणि वहीत लिहिलं, ‘काकू, यावर लावून देऊ?’

‘पोरी, त्यात तिची बोटं मुंगीएवढी दिसतात. मुंग्या काय म्हणतात ते मला कळत नाही.’

तिनं फोन खिशात टाकला. फोटो उघडून पाहिले, नीट दिसत होते. व्हिडिओ दुसऱ्या प्लेअरवर लावला, हिरवा. मागच्या महिन्याचे लावले, तेही हिरवे. मग कालची फाइलच बिघडलेली नाही ना, म्हणून तिनं हेडफोन कानाला लावले.

खुर्ची सरकल्याचा आवाज. बाह्यांची सळसळ. एक टाळी. आणि गुणगुणणं.

मुलगी हातांनी बोलता बोलता गुणगुणत होती, ऐकणारं कोणी नाही या खात्रीनं. अगदी बेसूर. मध्येच स्वतःशी हसली आणि जिथं सूर चुकला होता, नेमका तिथूनच पुन्हा उचलून आणखी चुकवला.

दुरुस्तीवालीला हसू आलं, आणि ते काकांनी पाहिलं. त्यांनी वही ओढली, लिहिलं, पण तारीख घातली नाही.

‘कसा आहे तिचा आवाज?’

काकूंचे हात मांडीवर थांबले.

तिनं ‘छान’ लिहिलं. समोर तीस वर्षं खोटे दाखले ओळखणारा माणूस बसला होता. तिनं ते खोडलं.

‘गुणगुणतेय. सूर एकही लागत नाही. पण थांबत नाही.’

दोघांनी एकदम वाचलं. काकूंचे हात भराभर हलले. काकांनी भाषांतर केलं:

‘ही म्हणते, माझ्यावर गेली.’

मग दुरुस्तीवालीनं पेन उचललं.

‘ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. काय काढायचं ते त्याला ड्रायव्हर सांगतो. तो गुरुवारी आपोआप बदललाय.’

‘म्हणजे नवीन हेडक्लार्क.’

‘हो काका. आणि त्याला एकच रंग ठाऊक आहे.’

‘जुन्यास परत बोलवावे.’

तिनं बटण दाबलं. जुना ड्रायव्हर परत का आणताय, असं विचारणारी खिडकी उघडली आणि खाली लिहायला एक रिकामी चौकट आली.

‘हे कोणी वाचत नाही. काहीही निवडते,’ तिनं लिहिलं.

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती खुर्चीवरून उठली. कारणाचा रकाना त्यांनी आयुष्यात कधी कोरा सोडला नव्हता. काकू कोपरानं ढोसत होत्या, आटपा म्हणून. काकांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं:

‘महोदय, कळविण्यात येते की, नवीन ड्रायव्हर आमच्या मुलीचे हात दाखवीत नाही, सबब जुन्यास रुजू करून घेत आहोत. तसेच, मुलगी बोलताना गुणगुणते, ही बाब आज प्रथमच निदर्शनास आली आहे. तरी पुढील आवृत्तीत तिचा आवाज, सुरात नसल्यास आहे तसाच, अर्जदार व त्यांच्या पत्नीस पडद्यावर दिसेल अशी तजवीज व्हावी, ही विनंती.’