उभी राहिले की बंद पडायचे

मी गाडी आहे आणि आज मी गप्प बसणार नाही. पांढरा रंग, चार दारं, पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या काचेवर कुणाच्या तरी लग्नाच्या स्टिकरचा न निघालेला डिंक, एवढीच माझी ओळख. उपकार कुणाचे नाहीत, तक्रार मात्र आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला ऐकणारी माणसं होती. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की ती मान कलती करून कान द्यायची. माझ्या पहिल्या मालकीणबाई अकोल्याला नर्स होत्या. माझा आवाज जरा बदलला की त्या म्हणायच्या, "काय गं, बरं नाही का?" त्या निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या आणि मी मेडशीजवळच्या एका खेड्यात, इंद्रभान यांच्या अंगणात आले. तिथे कुणी ऐकत नसे. तिथे इंद्रभान बोलायचे आणि बाकीचे माना हलवायचे.

इंद्रभान घरातले थोरले. धाकटे भाऊ देवमन पन्नाशीला आले, तरी थोरल्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. देवमनची मुलगी वैभवी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून घरी आलेली. ती इंद्रभानना मोठेबा म्हणायची आणि त्यांच्याशी वाद घालायची. त्या घरात ही दुसरी गोष्ट करणारी ती एकटीच.

माझ्या शेडमध्ये दिवाळीनंतर सोयाबीनची पोती लागायची. पोत्यांमागून उंदीर यायचे. थंडीत त्यांना माझं इंजिन ऊबदार वाटायचं. त्यातल्या एकाने इंजिनावरची बोटाएवढी रबरी नळी कुरतडली. खालच्या अंगाने कुरतडली, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ती धडधाकट दिसायची.

तेव्हापासून मला नको तिथून हवा जायला लागली. धावताना कळायचं नाही, कारण धावताना हवा भरपूरच लागते. पण उभी राहिले की तेवढीशी चोरटी हवाही जड व्हायची. पेट्रोल कमी, हवा जास्त. मी थरथरायचे, श्वास तुटल्यासारखी दोन आचके द्यायचे आणि बंद पडायचे. गतिरोधकावर बंद, एसटीला वाट देताना बंद, मेडशीच्या फाट्यावर चारचौघांत बंद.

"हे काहून बंद पडून राह्यली?" इंद्रभान विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "पोरगी चालवते. गिअर टाकताच येत नाई तिले."

मग त्यांनी मला मोहनसिंगकडे नेलं. मोहनसिंग ट्रॅक्टरचा मिस्त्री, इंद्रभान यांचा दोस्त. बॉनेट उघडायच्या आधीच इंद्रभान यांनी इलाज सांगितला. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. ट्रॅक्टर उभा असताना दबायला लागला की हाताने रेस चढवायची, एवढंच त्यांना ठाऊक.

"स्क्रू आवळ अन् रेस वाढव. आवाज आला पाह्यजे."

"पन इंद्रभानभाऊ, कारण तं पाहू."

"कारण मी सांगतलं नं!"

स्क्रू आवळला. मी उभ्या उभ्या किंचाळायला लागले. आत रोग तसाच आणि वरून ही जबरदस्ती. इंद्रभान खूश. "आता कशी वाघीन झाली!" पेट्रोल पाण्यासारखं जाऊ लागलं, तरी मधूनच बंद पडणं काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी वैभवीने पहिला गिअर टाकून क्लच जरा सोडला, तर मी उसळी मारून थेट गुरांच्या हौदावर गेले. हौदाचा कठडा फुटला. बोल कुणाला लागला, हे सांगायला हवं का?

त्याच आठवड्यात वैभवीला रिसोडच्या एका खाजगी प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरी लागली. मोटार दुरुस्तीचाच वर्ग. अडचण एकच. वर्ग सुटायचा तेव्हा घरी आणणारी शेवटची एसटी गेलेली असायची. म्हणजे गाडी असेल तर नोकरी.

"बंद पडणाऱ्या गाडीत जवान पोरगी रस्त्यावर अडकली तं गाव काय म्हनन?" इंद्रभान म्हणाले.

"आन् बंद पडली नाही तर?"

"ज्या दिवशी गाडी दगा देनार नाई, त्या दिवशी चावी तुह्या हातात. जाय!"

अंगणात सगळ्यांसमोर बोलले. देवमननेही ऐकलं. मीही ऐकलं.

वैभवीने सकाळीच बॉनेट उघडलं. आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते हाताने आणि नाकाने तपासलं. प्लग काढून पाहिले, ते ठीक होते. मग देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली, मला सुरू केलं आणि तो धूर एकेका नळीपाशी हळूहळू फिरवू लागली.

इंद्रभान यांची बायको पंचफुला ओसरीतून पाहत होती. तिने हात जोडले. "पाहा वो, पोरगी पूजा करून राह्यली गाडीची. सुधरली बिचारी."

"मोठ्याई, पूजा नाही. हवा कुठून चोरली जाते ते पाहून राह्यली."

"देवाची उदबत्ती नळीले? भ्रष्ट केली व माय!"

पण वैभवीचं लक्ष धुराकडे होतं. सगळीकडे तो सरळ वर जात होता. त्या एका नळीखाली मात्र तो एकदम वळला आणि कुणी ओढून घ्यावा तसा आत शिरला. वैभवीने बोट घालून चाचपलं. खाच सापडली. बोटाने ती दाबताच माझी थरथर थांबली. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं.

तिने रिसोडहून नवी नळी आणि क्लिपा आणल्या. हवा आत घेणारा भाग काजळीने माखला होता, तो साफ केला. शेवटी मोहनसिंगने आवळलेला स्क्रू मूळ जागी आणला. मी सुरू झाले, तेव्हा पंचफुलाने विचारलं, "चालू हाय का बंद?" इतकी मी शांत होते.

"माह्या स्क्रूले हात लावला तुनं?" इंद्रभान म्हणाले. पण ते मला घेऊन गावात फिरून आले. चौकात उभी केली, एसी लावला, हात बाहेर काढून लोकांशी गप्पा मारल्या. मी एकदाही आचका दिला नाही. परत येताना ते गुणगुणत होते. मला वाटलं, आता चावी देतील.

दुसऱ्या दिवशी रिसोडचे माणिकराव आले. धान्याचे व्यापारी. त्यांना मुलासाठी गाडी हवी होती.

वैभवी कामावर जायचे कपडे घालून बाहेर आली होती. "हे काय आहे, मोठेबा?"

"गाडी नीट झाली की देईन, असा शब्द देल्ला होता माणिकभाऊले."

"शब्द मलाही दिला होता."

"तो घरातला शब्द होय. बाहेरचा पाळा लागते."

वैभवीने वडिलांकडे पाहिलं. देवमन चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते. "बाबा, तुम्ही होता ना तिथं?" ते म्हणाले, "भाऊनं इचार करूनच ठरवलं असन." माझ्या आतलं पेट्रोल भडकून उठावं असं वाटलं मला.

पंचफुलाने पाहुण्यांना पाणी दिलं. माणिकरावांनी दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्याचा पेला माझ्या बॉनेटवर ठेवला. "लावा चालू. पान्याले लहर आली तं सौदा रद्द."

मी सुरू झाले. आणि मी जीव तोडून प्रयत्न केला, की थरथरावं, आचका द्यावा, सर्वांदेखत बंद पडावं. पेल्यातलं पाणी काचेसारखं स्थिर राहिलं. माझ्यात चूकच उरली नव्हती. तिने उरू दिली नव्हती.

"आतून दाखवा," माणिकराव पेला उचलत म्हणाले. बॉनेट वैभवीने उघडलं. तिचा हात सरळ त्या नव्या नळीवर गेला. एक क्लिप सरकवायची, नळी जराशी ओढायची, बस. मी जागच्या जागी बंद पडले असते. सौदा मोडला असता. ओढ, पोरी, ओढ! मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

तिची बोटं नळीवर घट्ट झाली. मग तिने क्लिप पक्की आहे ना ते पाहिलं आणि हात काढून घेतला.

"पोरीले बी समजते वाटते थोडंफार," माणिकराव हसले.

"नाई हो," इंद्रभान म्हणाले, "हे सारं मोहनसिंगचं काम. मी उभं राहून करून घेतलं."

वैभवीने बॉनेट इतक्या जोरात आपटलं की पोत्यांवरची चिमणी उडाली. ती घरात गेली. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा ओसरीत देवमन एकटेच उभे होते. त्या दिवशी रिसोडला मी गेले. वैभवी गेली नाही.

आता मी माणिकरावांच्या गोदामापुढे उभी असते. मुलगा मला चालू ठेवून तासन्‌तास फोनवर बोलतो, आणि मी एका लयीत चालत राहते. येणारे जाणारे कौतुक करतात. त्या कौतुकाची मला शिसारी आहे.

तुम्ही थोरले असाल, घरात बसून हुकूम सोडत असाल, तर एक ऐका. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीने हात काळे करून काही नीट केलं, तर ते तिच्या हातात द्या. द्यायचं नसेल तर तिला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा. निदान ती आमच्यासारख्यांना बरं करण्यात स्वतःला झिजवणार नाही. आणि आम्हीही बिघडलेल्याच राहू, तुमच्या दारात, तुम्हीच लादलेल्या किंचाळण्यासकट.