हजरतबीचं बिनव्याजी खातं

कारवार जिल्ह्यातल्या रामनगरात तिला सगळे ‘ब्यांकेची केशर’ म्हणत, आणि तिला ते नाव आवडायचं. दिग्गी गावच्या रानातल्या कुणबी घरात वाढलेली केशर वेळीप बारावीपर्यंत शिकली, लग्न होऊन रामनगरला आली आणि सात वर्षांपूर्वी बँकेची ‘बँक मित्र’ झाली. गळ्यात ओळखपत्र आणि पिशवीत बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन ती दारोदार जायची. म्हाताऱ्यांची पेन्शन त्यांच्या ओसरीवर पोचवायची, नवी खाती उघडायची.

त्या वर्षी बँकेनं जाहीर केलं, की ज्या वॉर्डातल्या एकूण एक घरात मार्चअखेर खातं असेल त्या शाखेला फलक मिळेल आणि तिथल्या बँक मित्राचा कारवारला सत्कार होईल. केशरच्या वॉर्डात एकशे बेचाळीस घरं होती. माघ सरता सरता एकशे एक्केचाळीस झाली. राहिलं एकट्या हजरतबीचं.

हजरतबी पन्नाशी उलटलेली विधवा. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून ती कौदी शिवायची. इकडची जाड, रंगीत गोधडी ती. तिचा टाका इतका बारीक, की उलटी बाजू कुठली ते शोधावं लागे. कॅसलरॉकजवळ सुप्रिया नावाची मुलगी फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाड्याची घरं चालवायची. तिनं एकदम वीस कौद्या सांगितल्या होत्या, पण पैसे खात्यातच पाठवीन म्हणाली होती.

“मग काढूया की खातं, हजरतक्का,” केशर म्हणाली. “आधार दे आणि बोट लाव. अर्ध्या तासाचं काम.”

हजरतबीनं सुई कापडात खोचून ठेवली. “त्यात व्याज पडतंय न्हवं?”

“थोडंसं पडतंय.”

“थोडं असू दे न्हाईतर जास्ती. आमच्यात व्याज घ्यायचं न्हाई, द्यायचंबी न्हाई. माझ्या मालकानं उभ्या जन्मात घेतलं न्हाई. आता मी घेऊ व्हय?”

“मग सुप्रियाचं काम?”

“जाईल,” हजरतबी म्हणाली आणि पुन्हा सुई उचलली. कोपऱ्यात मात्र त्या कामासाठी धुऊन ठेवलेल्या लुगड्यांचा ढीग होता, हे केशरच्या ध्यानात आलं.

शाखेत जाऊन तिनं मॅनेजरना सांगितलं. महाबळेश्वर हेगडे शिरसीकडचे, वयानं तरुण, कामाला वाघ. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“केशरबाई, एक घर राहिलंय. बचत खातं काढा आणि व्याजाचं बोलूच नका. तिला पासबुक वाचता येतं का?”

“न्हाई.”

“मग झालं तर. तिलाही पैसे मिळतील, आपलंही काम होईल. नुकसान कुणाचंच नाही.”

केशरला तिचे वडील आठवले. कान्हू वेळीपनं एकदा लाकडाच्या ठेकेदारानं पुढं केलेल्या कागदावर अंगठा उठवला होता. लिहिलंय काय, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. पावसाळ्यापर्यंत राबून मजुरी मागायला गेले, तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढं धरला: मजुरी पोचली. घरी येऊन ते चुलीपुढं बसले आणि रात्रभर तिथून उठले नाहीत.

“सर,” ती म्हणाली, “मी अंगठा घेते तेव्हा कागदावर काय हाय ते सांगूनच घेते. सात वर्षं तेच केलंय. हे मला जमणार न्हाई.”

“मग सत्काराचं विसरा.”

“विसरले. पण बिनव्याजाचं खातं आपल्याकडं नसतंच का?”

हेगडे खुर्चीत मागं रेलले. “चालू खात्याला व्याज नसतं. पण ते व्यापाऱ्यांना. धंद्याचा दाखला लागतो, वर किमान शिल्लक. ती काही व्यापारी नाही.”

“वीस कौद्यांची ऑर्डर घेणारी बाई व्यापारी न्हाई, तर कोण हो?”

केशरनं टेबलावरचं नियमांचं परिपत्रक मागून घेतलं आणि कन्नडात होतं ते ओळीवर बोट ठेवून तिथंच बसून वाचून काढलं. घरगुती धंद्याला पंचायतीचा दाखला चालतो, असं आठव्या पानावर होतं. शिल्लकेची अट सैल करायचा अधिकार विभागीय कार्यालयाला, असं नवव्या पानावर. तिनं दोन्ही पानांचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी हजरतबीला घेऊन ती पंचायतीत गेली. तिथले कारकून गुरुदास माणूस बरा, पण कागदाला धरून चालणारा.

“दुकान कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“दुकान न्हाई. घरात शिवते.”

“मग दाखला कशाचा देऊ?”

केशर काही बोलणार, तोच हजरतबीनं बगलेतली घडी सोडली आणि कौदी टेबलावर पसरली. टेबल पुरलं नाही. दोन्ही बाजूंनी ती जमिनीपर्यंत आली. लाल, हिरवे, निळे तुकडे, आणि चारी कोपऱ्यांत फुलासारखी दुमडलेली त्रिकोणी चिंधी. बाहेर रांगेत उभे असलेले दोघंतिघं आत येऊन बघू लागले.

“हे माझं दुकान,” हजरतबी म्हणाली. “तीस वर्षं चालू हाय. रामनगरात विचारा कुणालाबी.”

“विचारायचं काय त्यात,” रांगेतली एक बाई म्हणाली. “माझ्या लेकीच्या बाळंतपणाला हिचीच कौदी न्हेली.”

गुरुदासनी एक कोपरा उलटून टाके पाहिले. मग शिक्का पुढं ओढला.

राहिला विभागीय कार्यालयाचा अर्ज. केशरनं तो कन्नडात लिहिला, पण वाक्यं हजरतबीचीच ठेवली: मला फुकट काही नको. बँकेनं माझे पैसे सांभाळावे, माझ्या कामाचे पैसे माझ्यापर्यंत पोचवावे. व्याज माझ्या धर्मात बसत नाही, म्हणून मला दाराबाहेर ठेवू नये. मीही या देशाची नागरिक आहे. केशरनं सगळं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सवयीनं शाईचा पॅड पुढं केला.

“पेन दे,” हजरतबी म्हणाली. तिनं उजवीकडून डावीकडं, हळूहळू, उर्दूत आपलं नाव लिहिलं. लहानपणी मदरशात शिकलेली तेवढी चार अक्षरं तिला येत होती. केशरनं पॅड बंद करून पिशवीत टाकला आणि मनातून थोडी शरमली.

अर्ज हेगड्यांच्या हातूनच वर जायचा होता. त्यांनी तो दोनदा वाचला, ‘मीही या देशाची नागरिक आहे’ या ओळीपाशी थांबले, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मंजूर करावा अशी माझी शिफारस आहे.

मार्च संपला. फलक हल्याळकडच्या एका शाखेला गेला. कारवारच्या कार्यक्रमाचे फोटो सगळ्या बँक मित्रांच्या ग्रुपवर आले. केशरनं शाल पांघरलेल्या बाईला अभिनंदन लिहून पाठवलं. नवरा गणपती म्हणाला, “तुझीच शाल ती.” ती म्हणाली, “असू दे. मला माझं काम ठाऊक हाय.” आणि खरंच, तिला वाईट वाटत नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हेगड्यांचा फोन आला. अट सैल केली होती. खातं मंजूर झालं होतं.

हजरतबी शाखेत आली ती धुतलेली साडी नेसून, डोक्यावर पदर नीट ओढून. हेगडे केबिनमधून उठून बाहेर आले आणि पासबुक त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं. तिनं विचारलं, “व्याज?”

“एक पैसाही पडणार नाही,” ते म्हणाले. “मी बघितलंय.”

तिनं केशरकडं पाहिलं. केशरनं मान हलवली, तेव्हा कुठं हजरतबीनं पासबुक पदरात घेतलं.

वीस कौद्या जूनच्या आत गेल्या, आणि सुप्रियानं पैसे त्याच दिवशी पाठवले. पुढच्या महिन्यात हजरतबीच्या गल्लीतल्या चार बायका केशरच्या दारात आल्या. एकीचं शिवणयंत्र होतं, एक अंडी विकायची, दोघी मिळून शेवया करायच्या. घरात कुणाचं ना कुणाचं खातं होतं, पण इतकी वर्षं त्यांनी स्वतःच्या खात्याचं नाव काढलं नव्हतं, आणि का नाही ते कुणी विचारलंही नव्हतं.

त्याच सुमारास जोयड्याला झालेल्या बँकेच्या बैठकीत दोन नवे बँक मित्र नेमले गेले. हेगड्यांनी दोघांना रामनगरला धाडलं. ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा केशर अंडीवालीचा अर्ज भरत होती.

“सर म्हणाले, काम कसं करायचं ते तुमच्याकडनं शिकून या,” त्यातला एक म्हणाला.

केशरनं चटई त्यांच्याकडं सरकवली आणि म्हणाली, “बसा. आधी ह्या अक्का काय सांगतायत ते नीट ऐका.”