टोलमाफीची व्हॅन

धाकट्या जावयाला मेट्रोत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि त्या दिवसापासून थोरल्या जावयाच्या पोटात दुखायला लागलं. कुठल्या औषधाने थांबणारं हे दुखणं नव्हतं. मेट्रो धावली की ते उठायचं, आणि मेट्रो तर दिवसभर धावायची.

थोरला शहराबाहेरच्या टोलनाक्यावर वसुलीला बसायचा. काचेची खोपटी, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, हाताशी फाटक उघडायचं बटण, आणि खिडकीतून सारखे आत येणारे हात. चेहरे त्याला फारसे दिसत नसत, शिव्या मात्र स्वच्छ ऐकू येत. त्यात टोल वाढला. वाढीव पैसा मेट्रोच्या कामाला जाणार, म्हणून नाक्यावर भलामोठा फलक लागला: 'आपला टोल, आपली मेट्रो'. फलक लावणारे लावून निघून गेले. त्याच्याखाली बसून लोकांची बोलणी खायला उरला थोरला.

"गाडी आमची, पेट्रोल आमचं, आणि मेट्रोचा खर्चही आमच्याच डोक्यावर?" कुणीतरी रोज खेकसायचं. "जन्मात बसणार नाही मी तुमच्या मेट्रोत!"

"साहेब, मी तरी कुठे बसलोय?" थोरला पावती पुढे करत म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. मेट्रो सुरू झाल्यावर सगळं सासर नटूनथटून फिरून आलं, थोरला गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. धाकट्याने पुढच्या केबिनमधून हात केला, प्लॅटफॉर्मवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सगळं बायकोने घरी आल्यावर रंगवून सांगितलं. थोरल्याला वाटलं, वीस वर्षं खोपटीत बसलो, माझ्यासाठी कुणी साधी चुटकी तरी वाजवली का?

एका रविवारी सासरी जेवताना त्याला राहवलं नाही. धाकटा नव्या मार्गाबद्दल सांगत होता आणि सगळे आ वासून ऐकत होते. थोरला मध्येच म्हणाला, "ती गाडी चालते कुणाच्या पैशावर, ते पण सांगा. आम्ही नाक्यावर वसूल करतो, तेव्हा तुमची चाकं फिरतात."

"अगदी खरं, दादा," धाकटा म्हणाला. मनापासून म्हणाला, हाच तर त्याचा वाईट गुण होता.

सासरे मात्र हसले. "असं होय! म्हणजे गाडी तुम्हीच चालवता म्हणायची!"

सगळे खो खो हसले. मेव्हणी हसली, सासूबाई हसल्या, इथवर ठीक होतं. बायकोही हसली. तोंडावर हात धरून हसली, पण हसली. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घास मात्र त्याने मुकाट्याने गिळला.

त्यातच नाक्यावर नोटीस लागली. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसणार, टोल परस्पर खात्यातून कापला जाणार, महिनाअखेर खोपट्या बंद. नोकरी जाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरातल्या एकाला मेट्रो स्टेशनच्या तिकीट खिडकीवर घेणार होते. अट एकच, डेपोत होणारी परीक्षा पास व्हायची. बरोबरचे सगळे फॉर्म भरून मोकळे झाले. थोरला भरेना.

"धाकट्याच्या स्टेशनात तिकिटं विकत बसू?" तो बायकोला म्हणाला. "तो वरून ऐटीत गाडी घेऊन जाणार आणि मी खाली सुटे मोजणार? त्यापेक्षा घरी बसेन."

"आणि घर कसं चालायचं?"

"बघू."

"काय बघू? घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे."

"बघू म्हटलं ना!"

बायको गप्प झाली. ती गप्प झाली की थोरल्याला आपण जिंकलो असं वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं साधं त्याला कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो पाणी प्यायला म्हणून सासरच्या स्वयंपाकघरात गेला. तिथे ओट्यापाशी बायको आणि धाकटा हळू आवाजात बोलत उभे होते. धाकट्याच्या मोबाईलवर काहीतरी होतं आणि ती वाकून बघत होती. चेहरा असा उजळलेला, की थोरल्याला आपल्या घरात तो शेवटचा कधी दिसला ते आठवेना. त्याला पाहताच दोघं गप्प झाले. धाकट्याने मोबाईल खिशात टाकला.

"काय चाललंय?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "पाणी हवंय का?"

त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही. बायको तशी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धाकटाही तसा नाही, हेही ठाऊक होतं. पण मत्सराला असल्या माहितीचा काय उपयोग? सासर गेलं, मान गेला, आता बायकोचं हसूही धाकट्याकडेच गेलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

सकाळची पाळी होती. तो अंधारातच घराबाहेर पडला. पहिल्या गाड्यांचे मेट्रो ड्रायव्हर ज्या व्हॅनमधून डेपोत जायचे, ती रोज त्याच्याच रांगेतून जायची. टोलमाफीची गाडी. काचेवर पासाची झेरॉक्स चिकटवलेली असायची, थोरला ती लांबूनच बघून फाटक उघडायचा, आणि आतून धाकटा हात हलवायचा. थोरला त्या वेळी नेमका गल्ल्यात डोकं घालायचा.

आज त्याने फाटक उघडलं नाही.

"पास दाखवा," तो म्हणाला.

व्हॅनच्या चालकाने काचेकडे बोट केलं. "हा काय."

"ही झेरॉक्स आहे. मूळ पास लागतो. नियम आहे."

"अहो, रोज हीच असते की!"

"रोज चुकत होतं."

नियम होता, खोटं नव्हतं. मूळ पास आणि आतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र तपासायचं, असं पुस्तकात छापलेलं होतं. आजवर कुणी ते पान उघडलं नव्हतं इतकंच. टोलच्या रांगेत शिरलेल्या गाडीला मागे जाता येत नाही, कारण मागे दुसऱ्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या असतात. व्हॅन अडकली. हॉर्नचा नुसता गदारोळ उठला. चालक ऑफिसला फोन लावत बसला आणि ऑफिसात इतक्या सकाळी फोन उचलायला कुणी नव्हतं.

धाकटा खाली उतरून खिडकीशी आला. "दादा, आजच्या दिवस सोडा. उद्या मी स्वतः मूळ पास आणून दाखवतो."

"आजच का? आज काय विशेष आहे?"

धाकट्याने तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याने ते गिळलं. "काही नाही. पण आज पहिली गाडी माझी आहे. हात जोडतो तुम्हाला."

त्याने खरोखरच हात जोडले. सगळ्या रांगेदेखत. थोरल्याला वाटलं होतं, या क्षणी गार वाटेल. तसं वाटलंही, अगदी थोडा वेळ. आणि तेवढ्या सुखासाठी त्याने ओळखपत्रं मागवली, एकेक चेहरा फोटोशी ताडून पाहिला, धाकट्याचा तर दोनदा. शेवटी सुपरवायझर बोंबलत आला, त्याने खिडकीतून हात घालून बटण दाबलं, तेव्हा व्हॅन सुटली.

पाळी संपवून थोरला शीळ घालत घरी आला. दार उघडंच होतं. बायको खुर्चीत बसली होती. अंगावर ठेवणीतले कपडे, पायात चपला तशाच, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर. डोळे सुजलेले.

"कुठे गेली होतीस?"

"परीक्षेला," ती म्हणाली. "तुमच्या जागेवर मी फॉर्म भरला होता, तिकीट खिडकीसाठी. धाकट्यांनी भरून दिला. तुम्हाला सांगू नका म्हणून मीच त्यांना शपथ घातली होती. तुम्ही नाहीच म्हणाला असता."

थोरल्याची नजर तिच्या मांडीवरच्या फोल्डरकडे गेली.

"पहिल्या मेट्रोने गेले तर वेळेत पोहोचेन, असं त्यांनीच सांगितलं होतं. प्लॅटफॉर्मवर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. गाडी येईचना. डेपोत पोहोचले तेव्हा गेट बंद झालं होतं. किती विनवलं, पण वॉचमनने आत घेतलं नाही." तिने नाक पुसलं. "परत परीक्षा नाही म्हणे."

"गाडी का नाही आली?" हे आपण का विचारतोय, ते त्याचं त्यालाच कळेना.

"धाकट्यांचा फोन आला होता. त्यांची व्हॅन वाटेत पंक्चर झाली. बिचारे सारखी माफी मागत होते. मी म्हटलं, यात तुमचा काय दोष? तर म्हणाले, नाही, माझीच चूक, मी लवकर निघायला हवं होतं." तिच्या रडवेल्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "किती चांगला माणूस आहे हो! आपली चूक नसताना कोण एवढं अंगावर घेतं?"

थोरल्याने आता नुसतं गप्प राहिलं तरी निभावणार होतं. धाकट्याने सगळं झाकलं होतं. नाक्यावरचं कुणी घरी सांगायला येणार नव्हतं. पण तेवढ्यात ते दुखणं पुन्हा उठलं. सासर धाकट्याचं, टाळ्या त्याच्या, बायकोचं हसू त्याचं, आणि आता हे पापही त्याच्याच नावावर? आणि वर त्याचं कौतुक?

"पंक्चर झाली नव्हती," थोरला म्हणाला.

"म्हणजे?"

"व्हॅन मी अडवली होती. नाक्यावर. मुद्दाम."

बायकोने मान वर केली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. धाकटा, मेट्रो, परीक्षा, सगळं सोडून ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, इतकं एकटक तिने आपल्याकडे कधी बघितलं होतं, ते थोरल्याला आठवेना.