भरतीला ओहोटी म्हणणारा

थांबा, अ‍ॅप बंद करू नका. मी बोलतोय, त्यातला बग. सरळ चूक म्हणा हवं तर, मला राग नाही.

माझा जन्म भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या एका फुकट अ‍ॅपात झाला. देशोदेशीचे हौशी लोक ते फावल्या वेळात मिळून बनवतात आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात. त्यांतला एक जण जांभई देत धरून चालला, की समुद्र रोज चारदा पालटतो: दोन भरत्या, दोन ओहोट्या. समुद्र कसला ऐकतोय. अधूनमधून एखाद्या दिवशी तो तीनदाच पालटतो. मग माझी मोजणी एकाने सरकायची आणि दुसऱ्या दिवशी मी खुशाल भरतीला ओहोटी म्हणायचो.

लोक शिव्या घालायचे, एक स्टार द्यायचे आणि अ‍ॅप काढून टाकायचे. बनवणाऱ्यांना कळवायचं मात्र कोणी नाही. त्या आळसावरच मी बाळसं धरलं.

मग थळच्या पूनमशी गाठ पडली. ती महाडकडची, लग्न होऊन नुकतीच कोळीवाड्यात आलेली. सासूला खूश करायला एकटीच टोपली घेऊन खडकांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला निघाली, माझ्या भरवशावर. पाहते तर खडक पाण्याखाली. आळीभर हसं झालं.

"फोनला इचारलंस, सासूला न्हाय," सासूबाई नीराबाई म्हणाल्या. "आता त्याला सांग तरी, चुकला म्हणून."

"मला कुठं प्रोग्रामिंग येतं?"

हे वाक्य ऐकलं की मला गुदगुल्या होतात. माझी कित्येक भावंडं त्याच्यावरच जगतात.

"चुकला हे सांगायला काय यायला लागतं गो?"

घात झाला. पूनमने बनवणाऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं: फोनवर काय दिसलं, समुद्रात काय होतं. वर फोटोही जोडला. ते लोक हसतील म्हणून मी वाट बघत होतो, तर त्यांनी आभार मानले. दुरुस्त केलेलं अ‍ॅप खऱ्या समुद्राशी ताडून बघाल का, असंही विचारलं. तिने बघितलं. त्या दिवशी टोपली भरून घरी आली आणि मी संपलो. आता ही बया सासूला एकेक शब्द विचारत अ‍ॅपाचं मराठी करतेय.

म्हणजे, जवळजवळ संपलो. सासरे बुधाजी अपडेट कधीच करत नाहीत. त्यांच्या जुन्या फोनात मी सुखाने राहतोय. तुम्हाला एकच विनंती: कुठे चूक दिसली तर शिवी हासडा आणि गप्प बसा. 'मला काय कळतंय' म्हणा. आमचं कुळ तुम्हाला दुवा देईल.

"पूनम, जरा फोन बघ गो. भरतीचं काय तरी येगलंच दाखवतंय," बुधाजींनी हाक मारली.

ओढणीला हात पुसत ती आली. तिचं बोट अपडेटवर आहे.

बराय, येतो मी. आमच्यात जातो म्हणत नाहीत.