गुणाजीची खळ आणि रामजी मास्तरांची साक्ष

संपात गिरणी गेली तसा गुणाजी खळ खात्यातून घरी आला. खळ म्हणजे विणण्याआधी सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती शिजवलेली पेज. पुढे त्याने लालबागला लहानसा गाळा घेऊन कापडावर छपाई सुरू केली. छपाईच्या जाळीला एक लेप लावून ती उन्हात धरतात. प्रकाश पडेल तिथे लेप घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो आणि त्या मोकळ्या जागेतून रंग उतरतो. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणजे काम नाही. बरीच वर्षं खटपट करून गुणाजीने आपल्या रीतीने शिजवलेली खळ त्या लेपात मिसळली. लेप ट्यूबलाइटखालीच घट्ट होऊ लागला.

त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यानंतर एका बड्या कंपनीने तोच लेप डब्यात भरून विकायला काढला. तिने अर्जाला हरकत घेतली. कायदा सांगतो, त्या कामातल्या जाणकाराला जे सहज सुचेल तो शोध नव्हे. खळ जुनी, लेप जुना, मग यात नवं काय? कंपनीच्या शास्त्रज्ञांना हे सहज सुचलं, फक्त गुणाजीचा लेप हाती पडल्यानंतर.

पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला. गुणाजी हायकोर्टात अपिलात गेला. इथे हरला तर कंपनीपुढे गाळा टिकणार नव्हता.

"नारळ ठावक, गूळ ठावक, म्हणान काय सगळ्यांचे मोदक नीट होतत?" त्याची बायको मालन म्हणाली. दुर्दैवाने कोर्टाने तिला विचारलं नाही.

कंपनीने कोर्टाच्या परवानगीने साक्षीला आणले रामजी मास्तर, त्याच गिरणीच्या छपाई खात्याचे प्रमुख. उभ्या नोकरीत त्यांना स्वतःची एकही चूक सापडली नव्हती.

"कुणालाही सुचलं असतं, साहेब," मास्तर म्हणाले.

गुणाजीच्या वकीलबाईंनी विचारलं, "गुणाजींनी तुम्हाला हे प्रथम सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

आपण असल्या खुळाला मान डोलावली, असं कुणाला वाटलं तर? मास्तर ताठ झाले. "मी तोंडावर सांगितलं, अरे येड्या, लेपात खळ घातलीस तर पहिल्या पाण्याला जाळी कोरी! आमच्या खात्यात खळीचं भांडंसुद्धा येऊ देत नव्हतो."

"म्हणजे जाणकाराने हे केलं नसतं?"

"जाणकार? छे! असला गाढवपणा खळ खात्यातलाच करणार!"

कंपनीच्या वकिलांनी डोळे मिटले. न्यायमूर्तींनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मास्तरांनी आनंदाने, मोठ्याने सांगितलं.

अपील मंजूर झालं.

निकालानंतर मास्तर नाक्यावर सगळ्यांना सांगत होते, "गुणाजीला पेटंट मिळालं ते माझ्यामुळे."

"अगदी खरं, मास्तर," गुणाजी म्हणाला. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.