टप

मृणालिनी कर्णिक आरे कॉलनीत गुरांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे एक छोटी हिरवी मॉरिस मायनर होती, दोन दारांची. तिचा छताचा कापडी टप मागे घडी करून टाकता यायचा. थंडीच्या सकाळी टप पाडून बाई निघाल्या की गवताचा ओला वास थेट अंगावर यायचा, आणि तबेल्यांपाशी मान बाहेर न काढता वरची झाडं दिसायची. "बंद गाडीत मला लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं," असं त्या म्हणायच्या.

तो टप जुना होऊन फाटला. चौऱ्याऐंशी साली वाकोल्याच्या काशीरामकडे नवा शिवायचं काम आलं. काशीराम मूळचा मालवणकडचा. संपानंतर गिरणी सुटली आणि तो गाड्यांच्या सीटा शिवायला शिकला. असा टप त्याने आयुष्यात शिवला नव्हता. पाणी गळायला नको म्हणून त्याने दुहेरी जाड रेक्झिन घेतलं, अठरा दिवस शिवलं, आणि मार्चमधल्या एका सकाळी बाळा नावाच्या धाकट्या भावाला मदतीला घेऊन तो बाईंच्या क्वार्टरवर आला.

गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी होती. अकरापर्यंत टप सांगाड्यावर ताणून, खिळे ठोकून झाला. आता फक्त घडी करून बघायची होती. बाळा वर बघत होता. झाड कैऱ्यांनी भरलं होतं.

"चड वर," काशीराम हसत म्हणाला. "सुगंधाक कैऱ्या व्हर."

सुगंधा बाळाची बायको. बाळा तीस वर्षांचा, लहानपणी माडावर सरसर चढणारा. तो चढला. चार कैऱ्या खाली टाकल्या, पाचवीसाठी पुढे सरकला आणि फांदी मोडली.

तो पाठीवर पडला. ओरडला नाही. काशीराम त्याला उठवायला धावला, तेवढ्यात बाई घरातून ओरडत आल्या, "हात लावू नकोस! हलवू नकोस त्याला!"

त्यांनी बाळाच्या तळपायाला पिन टोचली. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. काशीरामकडे न बघता त्या फोनकडे पळाल्या. ॲम्ब्युलन्स बाहेर गेली होती, दोन तास लागतील म्हणाले. दुधाचे ट्रक पहाटेच गेले होते. टॅक्सी मिळाली असती, पण टॅक्सीत माणूस दुमडून बसवावा लागतो.

"याला दुमडायचं नाही," बाई म्हणाल्या. "फळीवर सरळ न्यायचा. माझ्या गाडीत वरून ठेवता येईल. टप पाड, काशीराम."

काशीरामने कड्या सोडल्या आणि सांगाडा मागे ओढला. हलेना. जाड रेक्झिन एवढं ताणलं होतं की बिजागरी मिटायला जागाच नव्हती. त्याने पाय लावून ओढलं, खांद्याने रेटलं. बोटं सोलली. पलीकडे बाळा विचारत होता, "दादा, माझे पाय खंय गेले?"

"हंयच आसत. वायच दम धर."

"माका लागनत नाय रे ते."

काशीरामने पिशवीतून रेक्झिन कापायची रापी काढली. बाईंच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"बघतोस काय? फाड!"

त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पातं ओढलं. अठरा दिवसांचं काम दोन मिनिटांत चिंध्या झालं. मोकळा सांगाडा धाडकन मागे पडला. मग पाना लावून त्याने पुढची डावी सीट काढली. शेजारचे दोघे गवळी धावून आले. बाईंनी पलंगाची फळी आणली, चौघांनी मिळून बाळाला तिच्यावर सरकवलं, आणि काशीरामने रेक्झिनच्याच पट्ट्यांनी त्याचं कपाळ, छाती, कंबर आणि पाय बांधून टाकले. फळीचं डोक्याकडचं टोक मागच्या सीटच्या पाठीवर टेकलं, दुसरं काचेखालच्या डॅशबोर्डवर.

बाई दुसऱ्या गिअरमध्येच चालवत राहिल्या. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबायची. मागे बस हॉर्न वाजवत होती. ज्या झाडांसाठी बाई टप पाडायच्या ती मागे पडली, आणि भर दुपारचं ऊन बाळाच्या उघड्या तोंडावर आलं. त्याला मान फिरवता येत नव्हती. काशीराम मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा राहिला आणि भावाच्या तोंडावर ओणवा झाला.

"माका पाणी व्हया."

"पाणी नको, नुसते ओठ ओले कर," बाई म्हणाल्या.

काशीरामने ओल्या फडक्याने ओठ पुसले. "बाई, जोरात घ्या ना! मरेल तो!"

"जोरात घेतली तर मी मारेन त्याला. गप बस."

हायवेच्या सिग्नलला बसमधली माणसं खाली वाकून बघत होती. काशीरामला वाटलं, वर काहीतरी असायला हवं होतं, निदान एक चादर तरी.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि संध्याकाळी सांगितलं, "मणका मोडलाय. सरळ आणलात, बरं केलंत. पायांचं मात्र आज काही बोलत नाही."

सुगंधा कामावरून तशीच धावत आली होती. "कसे पडले?" तिने विचारलं.

"मी म्हटलं चढ," काशीराम म्हणाला.

ती वळून आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. काशीराम रोज यायचा, पण ती आत असेल तर बाहेरच्या बाकावरच थांबायचा. मेमध्ये त्याने बाईंना दुसरा टप शिवून दिला, पातळ कापडाचा. बाईंनी घडी करून बघितली आणि बाळाची चौकशी केली. काशीराम वाकून कड्या पुन्हा तपासू लागला.

जुलैत उजव्या पायाचा अंगठा हलला. डावा पाय नाहीच. सप्टेंबरमध्ये एका दुपारी काशीराम बाकावर होता. आतून सिस्टरचा आवाज येत होता, "पकडा, कठडा पकडा, उभे राहा... एक... दोन... तीन..." तिचं मोजणं सतरापर्यंत गेलं, मग पलंग करकरला.

सुगंधा पदराने तोंड पुसत बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"भावोजी," ती म्हणाली, "उद्या डबा तुम्ही आणा. माझ्या रजा संपल्या."