आठ पायांची बोट

आश्विनातली कनकपिंगट दुपार खाडीवर पसरली होती. भातखाचरांवर पिवळे, पाण्यावर पिवळे, कुंदाकाकूंच्या कौलांवरही पिवळे. इतके पिवळे, की पडवीतल्या मांजरालाही कुणी हळद लावून बोहल्यावर चढवील असे वाटावे. मांजराची तयारी होती.

त्या पडवीत कुंदाकाकूंचा वर्ग, दिवाळीची शुभेच्छापत्रे करण्याचा. नऊ मुले, नऊ कात्र्या, पातेल्यात कोमट खळ. घोटीव कागदांचे कपटे उडत होते. निळे, केशरी, डाळिंबी. इंद्रधनुष्य कुणी किसणीवर धरले होते जणू.

आणि वर, वाशाला, काकूंचा आकाशकंदील. बत्तीस पाकळ्यांचा, सुवर्णपुच्छ, समभुज, निष्कलंक. दर वर्षी नवा आणि तालुक्याच्या स्पर्धेत सलग पाच वर्षे पहिला. स्पर्धा उद्या होती. वारासुद्धा त्याला विचारून हलवीत होता.

काकूंची एक रीत होती. मुलांचे पत्र घरी जाण्याआधी त्यावरून त्या स्वतःची कात्री फिरवीत. नुसता एक हात, म्हणत. त्या हाताखालून कावळा गेला की हंस होऊन निघे. नऊ मुले नऊ हंस घेऊन घरी जात आणि आया म्हणत, बाई, आमच्या पोराच्या हातात कला आहे. कला होती. हात दुसऱ्याचा होता.

खांबाशी बसली होती शाल्मली, साडेसहा वर्षांची. तिचे बाबा मालवाहू बोटीवर. दोन दिवाळ्या आल्या नि गेल्या, बाबा आले नाहीत. आज शेजारचे भाटकरकाका चारच्या एसटीने मुंबईला, तिथून त्याच बोटीवर कामाला निघाले होते. पत्र दे, बाबांच्या हातात ठेवतो, म्हणाले होते.

म्हणून शाल्मलीने जांभळी बोट कापली. बोटीला चार पाय लावले. गुडघ्यांचे पाय, चपला घातलेले पाय, एक किंचित लंगडा. मग ती पाणी प्यायला परसात गेली.

परत आली तेव्हा बोट पोहत होती. सरळ, सुबक, सालस. खाली एकसारख्या निळ्या लाटा, वर वळणदार 'शुभ दीपावली'. पाय नव्हते.

शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या, झाडाला माघात फुले येतात, लालभडक. हिला आश्विनात आली. कानांवर.

"पाय कुठेत?"

बोटीला पाय नसतात गं बाळ, काकू मायेने म्हणाल्या. त्या मायेला इस्त्री केलेली होती.

"बाबांच्या बोटीला पाहिजेत."

"कशाला?"

"बंदरापर्यंत येते ती पाण्यातनं. पुढे आमच्या घरापर्यंत कोण चालणार, तुम्ही?"

आठ कात्र्या थांबल्या. खळीवर साय धरली.

पाय केराच्या टोपलीत होते. टोपलीत मांजर होते. ओली खळ लागलेले चारही पाय त्याच्या पोटाला चिकटले होते. इतकी माणसे आपल्याकडे बघताहेत हे पाहून मांजर उठले आणि आठ पायांनी कुंपणावरून निघून गेले. कुणी हसले नाही. हसायची सोय नव्हती.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

राग शाल्मलीच्या पोटरीतून चढला, छातीत मावेना, डोळ्यांत आला. पण तिथे तो पाणी झाला नाही. विस्तवच राहिला. तिने वर पाहिले. स्टूल ओढले. कात्री उघडली.

कचक.

कंदिलाची शेपटी, काकूंची पाच वर्षांची कीर्ती, झुळझुळती, झगझगती, सोनेरी, खाली आली. त्या शेपटीतून शाल्मलीने पाय कापले. चार नव्हे, आठ. वाट लांब होती.

काकूंचे तोंड उघडले. त्यात उद्याची स्पर्धा होती, ढाल होती, आरडाओरडा होता. पाय वाकडे चिकटत होते. काकूंचा हात सवयीने कात्रीकडे गेला.

"हात लावायचा नाही."

हात परत आला. पदरात गेला. तिथेच राहिला.

पाकीट मिटेना. आठ पाय कुठल्या पाकिटात मावतात? एसटी दाराशी येऊन थांबली होती; भाटकरकाकांनी पत्र तसेच घेतले, खिडकीशी बसले, वाऱ्यात धरले.

मागे पडवीत बिनशेपटीचा कंदील स्वतःभोवती फिरत होता. दारात शाल्मली उभी होती, मुठी वळून, कान अजून लाल.

आणि तांबड्या रस्त्यावर, पिवळ्या उन्हात, एसटीच्या खिडकीबाहेर आठ सोनेरी पाय हलत होते. एक डावा, एक उजवा, एक लंगडा, एक उलटा. जांभळी बोट निघाली होती. घाट चढत, धूळ उडवत, चालत, चालत, चालत.